चाची आणि आयोडीनची बाटली

मला पुन्हा मान वळवता आली ती चाचींमुळे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. कारण गोष्ट सुरू झाली की माझे मालक, पुण्याचे डॉक्टर, तहसील कचेरीतले भाऊसाहेब आणि एक पायाळू गृहस्थ असे सगळे श्रेय घ्यायला पुढं येतील, आणि चाची नेहमीप्रमाणे मागं चुलीपाशीच राहतील.

चाचींची एक सवय होती. खाण्यापिण्याबद्दल कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की त्या बोलणाऱ्याकडे बघतच नसत. कमरेचा बटवा उघडायच्या, त्यातून डोळ्यांत औषध घालायची असते तसली चिमुकली बाटली काढायच्या आणि म्हणायच्या, "थांबा जरा. थेंबाला विचारू."

थेंब आयोडीनचा. पिठूळ पदार्थावर पडला की काळानिळा होतो, नाहीतर चहासारखा तपकिरी राहतो. एवढंच त्याला येतं. पण तो कुणाची भीड धरत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी वाद घालत नाहीत, नुसता पुरावा काढून बशीत ठेवतात. अशा माणसांशी मैत्री अवघड. त्यांच्या खाणावळीत जेवायला असणं त्याहून अवघड.

भोरात एसटी स्टँडच्या मागच्या आळीत चाचींची खाणावळ होती. पाटी नाही, टेबलं नाहीत. पडवीत दोन सतरंज्या आणि जेवायला आम्ही आठजण. सकाळी चाची हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत शिपाई असत. नळ्या धुवायच्या, बाटल्या पुसायच्या, विज्ञानाचे सर "हे आण, ते ने" म्हणतील ते करायचं. शाळा सुटली की चूल. नवरा कधीच गेलेला, एक लेक मिरजेला दिलेली. स्वतःचं शिक्षण चौथी. पण आयोडीनचा धडा दरवर्षी नव्या पोरांबरोबर ऐकायच्या. "मी हा वर्ग वीस येळा बसलेय," म्हणायच्या, "तुजं काय?"

माझं काय सांगणार? मी मूळचा नांदेडातल्या कंधारकडचा. शाळा सातवीत सुटली. परीक्षेला बसलो होतो, निकालाला थांबलो नाही. चाचींनी हे एकदा विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. "ए सातवी बसलेल्या, वाटी सरकव इकडं."

काम मात्र बरं मिळालं होतं. दुधाचा टेम्पो. पहाटे भोरातून निघायचं, वेल्ह्याकडच्या गावांतून कॅन गोळा करायचे आणि ऊन वर यायच्या आत कामथडीजवळच्या शीतकेंद्रावर नेऊन उतरवायचे. घरून एवढ्या लांब येऊन ड्रायव्हर झालो याचं आईला केवढं कौतुक. तिला वाटे मी विमान चालवतो.

पंचविशीत माझी कंबर सत्तरीची झाली. पहाटे उठायचो तो लाकडासारखा. दोन तास हालचाल झाली की जरा माणूस व्हायचो. सगळ्यांनी एकमतानं सल्ला दिला, आराम कर. आराम केला की आणखी लाकूड. मग ते लाकूड कमरेतून पाठीत चढलं, पाठीतून मानेत, आणि एक दिवस लक्षात आलं की कुणी मागून हाक मारली तर मला सगळंच्या सगळं वळावं लागतं, पोलिसासारखं.

ड्रायव्हरला मान पुढं बघायला लागत नाही, मागं बघायला लागते. टेम्पोला डाव्या बाजूचा आरसा नव्हता. उजवा होता तो मालकांसारखा, त्याला सोयीचं तेवढंच दाखवायचा. वैशाखात वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीत गाडी मागं घेताना मी गोठ्याची भिंत पाडली. भिंतीआड वासरू होतं. एका म्हातारीनं दावं ओढून ते वाचवलं आणि मग माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी खाली उतरून तिच्याकडे बघायला गेलो तर मान वळेना, म्हणून मी भिंतीकडे बघत माफी मागितली. ते तिला आणखीनच लागलं.

मालक वाईट नव्हते. ते स्वतःच तसं सांगायचे. म्हणाले, "दसऱ्याला गाडीची पूजा असते. त्या दिवशी ह्या अंगणात गाडी मागं घेऊन दाखव, मान वळवून. जमलं तर चावी तुजी. न्हाई जमलं तर नांदेडच्या गाडीत बसवून द्यायला मी सोता येतो. तोवर पुढं चालव, मागं घ्यायची येळ आली की कुणाला तरी हाक मार."

पाच महिने मी अशी गाडी चालवली की मागं यायची वेळच पडू नये. माणसानं आयुष्यात कायम पुढंच जावं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी अरुंद रस्त्यात टेम्पो वळवलेला नसतो. रात्र झाली की माझ्या डोळ्यांसमोर नांदेडची एसटी उभी राही, आणि तिच्या खिडकीत ताठ मानेचा मी. घरी मी काहीच कळवलं नव्हतं. काय कळवणार? विमान मागं येत नाही म्हणून?

उपचार सुरू झाले. मालकांनी आधी आंबवड्याहून एक पायाळू गृहस्थ आणले. जन्माला येताना पाय आधी बाहेर आले, एवढ्या भांडवलावर त्यांचा सगळ्या तालुक्यात मान होता. त्यांनी मला पालथं घातलं, पाठीवर तीनदा पाय लावला आणि चौथ्यांदा हौसेनं लाथ घातली. चहा घेतला, गेले. तीन दिवस मी पाठीबद्दल तक्रार केली नाही, कारण बरगडी जास्त दुखत होती.

मग पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि मणक्यांच्या सांधेवाताचं एक लांबलचक नाव सांगितलं. गोळ्या दिल्या, रोजचा व्यायाम दाखवला आणि मी उठता उठता म्हणाले, "पिष्टमय पदार्थ बंद केल्यानं काहींना बरं वाटतं. सगळ्यांना नाही. करून बघायचं तर बघ. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

मी मान हलवली. म्हणजे अंग हलवलं. पिष्टमय म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली. एवढ्या लांब येऊन, नंबर लावून, आतल्या माणसाला आपण सातवी बसलेलो आहोत हे कशाला कळू द्यायचं?

भोरला आल्यावर भाऊसाहेबांना विचारलं. ते खाणावळीत माझ्या शेजारी जेवत, कचेरीत असल्यामुळे त्यांना सगळं माहीत असे. त्यांनी भाताचं शीत मिशीवरून काढलं आणि निकाल दिला, "पिष्ट म्हणजे पीठ. पीठ म्हणजे धान्य. धान्य बंद म्हणजे काय? उपास! तुला डॉक्टरनं उपास सांगितलाय, गड्या. सरळ सांगायला त्यांची जीभ वळत नाही."

इतकं सोपं. आमच्या मालकीणबाईंना कळलं तेव्हा त्यांना भरून आलं. मुळात माया फार, त्यात स्वतः आठवड्यातून दोन उपास धरणाऱ्या. म्हणाल्या, "तुजं आता सगळं मी बघते." दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरईचा भात आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी रताळ्याच्या फोडी, मध्ये भूक लागली तर शिंगाड्याचा शिरा. मी दीड महिना अखंड एकादशी पाळली. आळीतली माणसं मला वाकून नमस्कार करायला लागली. मला उलटा नमस्कार करता येत नव्हता, कारण मान आता वाकतही नव्हती. दुखणं दुपटीनं वाढलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, "देव परीक्षा बघतोय." मी म्हटलं, बघू दे, मला परीक्षेला बसायची सवय आहे.

खाणावळ अर्थात सोडली होती. चाचींना मी नुसतं सांगितलं होतं, "उद्यापासून माझं ताट धरू नका." कारण सांगितलं नाही. कारण म्हणजे दुखणं, आणि दुखणं गावभर झालं तर चावी दसऱ्याच्या आधीच जाईल, असं आपलं मला वाटायचं.

एक दिवस खाणावळीवरून जात होतो, हातात मालकीणबाईंचा डबा. चाची दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माज्या हातचं चालत न्हाई व्हय आता?"

त्यांच्या आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता. 

"तसं न्हाई चाची. उपास आहे."

"दीड महिना?"

"डॉक्टरांनी सांगितलाय."

"डॉक्टरनं सांगितलं मुसलमानिणीच्या हातचं खाऊ नको?"

"नाही हो! पिष्टमय खाऊ नको म्हणाले. सांधेवात आहे मणक्याचा."

चाचींचा हात सुपातच थांबला. "पिष्टमय? मग ह्या डब्यात काय हाय?"

"साबुदाणा."

 चाची हसायला लागल्या, अशा की सूप खाली ठेवावं लागलं. "आत ये. ये आत, सातवी बसलेल्या."

प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून उरलंसुरलं आयोडीन त्या घरी आणत. मसाल्यात कुणी पीठ मिसळून विकतंय का ते बघायला. बटव्यातून बाटली निघाली. बशीत माझी चमचाभर खिचडी ठेवली. पडवीत जेवणारे सगळे गोळा झाले, भाऊसाहेब हात न धुता. चाचींनी थेंब सोडला. पांढरा, मोत्यासारखा साबुदाणा बघता बघता शाईच्या दौतीत बुडवल्यासारखा काळा झाला.

"अहो, असं कसं?" भाऊसाहेब म्हणाले. "उपासाला चालतं ते!"

"देवाला चालतं, भाऊसायेब. थेंबाला न्हाई चालत."

मग बटाटा. काळा. वरई. काळी. रताळं. काळं. भाऊसाहेबांच्या ताटातली भाकरी आणि भात, दोन्ही काळे. मग पालकाची भाजी. तपकिरी. उकडलेलं अंडं. तपकिरी. कोबीचं पान. तपकिरी. मला आठवतं, कोबीचं पान तपकिरी राहिलं तेव्हा मी रडलो. बारातेरा वर्षांच्या पोरापोरींना वर्गात जे फुकट कळतं ते मला दीड महिना साबुदाणा खाऊन कळलं होतं. चाचींनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. "रडतोस काय? दसऱ्याला किती दीस हायत?"

त्यांना चावीचं माहीत होतं. सगळ्या आळीला माहीत होतं. दुखणं लपवतोय हे फक्त मला वाटत होतं.

त्या दिवसापासून चाचींच्या घरात दोन स्वयंपाक सुरू झाले, एक माणसांचा आणि एक माझा. पहिला प्रश्न भाकरीचा. भाकरीवाचून जेवण म्हणजे काय हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. चाचींनी जवस भाजून दळला, त्यात अंडं फोडलं, दुधी किसून घातला आणि तव्यावर थापलं. तवा आणि ती भाकरी यांचं असं जमलं की कुणाला सोडवता येईना. शेवटी मी तव्यावरूनच खरवडून खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुधी पिळून घेतला, तेल सढळ सोडलं, आणि निघाली. काळपट, जाड, खमंग. "भाकर म्हणू नको तिला," चाची म्हणाल्या, "भाकरीला राग यील." कोबी अगदी बारीक किसून वाफवायचा आणि त्यावर मटणाचा रस्सा. तो माझा भात. रश्शातून बटाटा हद्दपार. भाटघर धरणातली मासळी आली की सगळ्यांच्या तुकड्यांना रवा, माझ्या तुकड्यांना तीळकूट. डाळी गेल्या, त्याचं मला फार वाईट वाटलं, आमच्याकडे वरणाशिवाय दुखवटासुद्धा होत नाही.

आणि प्रत्येक नव्या जिनसावर थेंब. खोबरं पास, तीळ पास. डबीतल्या हिंगावर टाकला आणि तो काळा झाला. "हिंग बी फितूर," चाची म्हणाल्या आणि डबी फडताळात मागं ढकलली. मला चेव चढला. मी डॉक्टरांची गोळी मोडून बशीत ठेवली. तीही काळी! मी विजयानं चाचींकडे बघितलं.

"ती डॉक्टरची हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या वाटंला जायचं न्हाई. दुसरी काढ, गीळ."

गणपतीत मालकीणबाईंनी मोदक पाठवले. पाच खाल्ले. खोटं कशाला बोलू, सात. पुढचे तीन दिवस मला शर्ट घालायला भाऊसाहेब लागले.  चाची तीन दिवस माझ्या ताटाशेजारी एक बशी मांडत होत्या, तिच्यात बोटभर उकड आणि तिच्यावर काळा डाग.

त्या साली रमजान आणि नवरात्र बरोबरच आले. मालकीणबाईंचा नऊ दिवसांचा उपास, चाचींचे रोजे, भाऊसाहेबांनीही लाजेकाजेस्तव काहीतरी धरलेलं. सगळ्या आळीत दुपारी एकटा मीच राक्षसासारखा जेवत होतो. मी म्हटलं, "चाची, रोज्याचं माझं राहू द्या." तर म्हणाल्या, "रोजा मी धरलाय. तुज्या पाठीनं धरलाय का?" पाण्याचा घोट न घेता त्या चुलीपुढं बसत आणि चव न घेता माझं कालवण करत. मीठ कधी कमी, कधी भलतंच. एकदा मी तोंड वाकडं केलं.

"मिठाचं थेंबाला कळत न्हाई," चाची म्हणाल्या. "आणि मला चाखता येत न्हाई. गप खा."

मी गप खाल्लं. तेवढं खारट आणि तेवढं चांगलं कालवण मी पुन्हा खाल्लं नाही.

फरक पडत होता. एकदम नाही. आधी पहाटेचे दोन तास दीडवर आले, मग एकावर. मग एकदा बादली उचलताना माझ्या लक्षात आलं की मी विचार न करता वाकलोय. पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी, व्यायामानं की खाण्यानं, हे सांगता येणार नाही. तिन्ही चालू ठेव." मालक म्हणाले, पायाळूचा गुण जरा उशिरा येतो. भाऊसाहेब म्हणाले, दीड महिन्याचा उपास कुठं जातोय? मी हे सगळं चाचींना चिडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "घेऊ दे की सगळ्यांना वाटून. तुजी मान वळतीय न्हवं?"

खरं सांगायचं तर ती वळते का हे मी बघितलंच नव्हतं. भीती वाटायची. थोडी वळवायचो आणि दुखायच्या आधीच थांबायचो.

दसऱ्याच्या सकाळी मालकांचं अंगण भरलं होतं. टेम्पोला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. मालकांनी चावी दिली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. गाडी फाटकातून उलटी आत आणायची होती. मी बसलो, इंजिन सुरू केलं आणि सवयीनं आरशात बघितलं. आरशात अर्धं फाटक आणि मालकांचं पोट.

मागून आवाज आला, "आरशात मी न्हाई रं!"

चाची होत्या. रोज्याच्या, दसऱ्याची सुट्टी साधून आलेल्या. फाटकाच्या आत, गाडीच्या वाटेतच, डाव्या अंगाला जरा सरकून उभ्या. जिथं आरसा पोचत नाही तिथंच.

"चाची, बाजूला व्हा!" मालक ओरडले. "ह्याला दिसत न्हाई!"

"न्हाई दिसलं तर कळंल की." आणि मग मला, "ए सातवी बसलेल्या, वळून बघ. मगच सोड."

माझे हात स्टिअरिंगवर चिकटले. वासरू आठवलं. नांदेडची एसटी आठवली. मी श्वास घेतला आणि मान वळवायला लागलो. नेहमीची जागा आली, जिथं मी थांबायचो. तिच्या पुढं गेलो. कळ आली, पण ती आली आणि राहिली, वाढली नाही. आणखी थोडा वळलो. मागच्या जाळीतून आधी हिरवं लुगडं दिसलं, मग हात, मग अख्ख्या चाची, एका हातानं मला बोलावणाऱ्या.

"यिऊ दे," त्या म्हणाल्या. "यिऊ दे... यिऊ दे... उजवीकडं जरा... यिऊ दे... बास!"

मालकांनी चावी परत मागितली नाही. लिंबं फुटली. भाऊसाहेबांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली, आणि नंतर वर्षभर ते आमच्या उपासाबद्दल लोकांना सांगत होते.

चाचींची नोकरी संपली तेव्हा लेक त्यांना मिरजेला घेऊन गेली. सामान माझ्याच टेम्पोतून स्वारगेटला नेलं. सामान कसलं, एक ट्रंक, तवा आणि पाटावरवंटा. गाडी दारात उलटी लावली तेव्हा त्या मागं उभ्या राहिल्या नाहीत, ओट्यावर पाठ करून बसल्या होत्या. "आता बघायचं काय त्यात?" म्हणाल्या. निघताना बटवा उघडला आणि बाटली माझ्या हातात दिली. तळाला बोटभर तपकिरी उरलं होतं. "जपून वापर. मोदकाला विचारायची गरज न्हाई, त्याचं ठावं हाय आपल्याला."

परवा लेकीचा फोन आला होता. चाचींना साखर निघालीय. डॉक्टरांनी भात जवळजवळ बंद केलाय आणि घरात कुणालाच त्यांना काय करून घालावं ते सुचत नाही. मागून चाचींचा आवाज येत होता, "कोबीचा भात बी काय भात असतो व्हय?"

चाची, हे कुणी वाचून दाखवलं तर ऐका. एक दिवस मी मिरजेला येणार आहे. सुट्टी काढून, गाडी घेऊन, जवसाचं पीठ इथूनच दळून. त्या दिवशी तुम्ही चुलीपाशी बसायचं नाही. भाकरी मी थापीन, कोबी मी किसीन, भाटघरची मासळी बर्फात घालून आणीन, आणि मीठ चाखून घालीन. तुमच्या दारातली गल्ली अरुंद आहे असं लेक म्हणत होती. असू दे. मी गाडी उलटी आत घेईन. तुम्ही फक्त दारात उभ्या राहा, डाव्या अंगाला, आरशात दिसणार नाही तिथं.